छपराचे काम यंत्राच्या माथी

श्रोतेहो, २०२२ सालच्या एप्रिल महिन्यात माझ्या पुतण्याचा गावाहून फोन आला. खुशालीची चौकशी नाही, काही नाही, एकदम प्रश्न. "काका, आबांच्या खोलीला एसी दीड टनी घ्यावा का दोन टनी? दुकानदार तर दोन टनी म्हणतोय."

मी उभा जन्म तंत्रनिकेतनात बांधकाम शिकवण्यात घालवला. त्यामुळे घराण्यात कुणाच्या भिंतीला चीर पडली, कुणाची मोरी तुंबली, की विचारणा माझ्याकडे होते. पण या प्रश्नाला मी लगेच उत्तर दिले नाही. आबा म्हणजे माझे वडील. त्या वेळी वय एकोणऐंशी. त्या वर्षीचा मार्च महिना असा तापला होता, की १९०१ पासून देशात ज्या नोंदी ठेवल्या आहेत त्यांत तसा कडक मार्च सापडत नाही. आबांना दोनदा भोवळ आली होती आणि डॉक्टरांनी सांगितले होते, की यांना थंडाव्यात ठेवा, नाहीतर दवाखान्यात आणा. तेव्हा "कशाला हवाय एसी, आमच्या वेळी कुठे होता" असे म्हणायची सोय नव्हती. म्हाताऱ्या माणसाला, आजारी माणसाला, तान्ह्या पोराला उन्हाळ्यात गारवा लागतो, तो चैनीचा विषय नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचे बोलणे कुणी चुकीच्या अर्थाने घेणार नाही.

मी पुतण्याला उलट विचारले, "अरे, आधीचा एसी होता ना तुमच्याकडे?"

"होता की. पण त्याचा गॅस संपतो सारखा. दोन उन्हाळ्यांत दोनदा भरला."

इथेच माझे कान उभे राहिले. कारण श्रोतेहो, एसीतला गॅस संपत नसतो. तो काही कंदिलातले रॉकेल नव्हे. तो गळतो.

हे नीट समजायला आपण माठाकडे पाहू. माठ पाझरतो, पाझरलेले पाणी वाऱ्याने वाळते, आणि वाळताना ते आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून पाणी गार होते. पाणी उडून जाते म्हणून माठ रोज भरावा लागतो. एसीमध्ये तत्त्व हेच आहे, फक्त उडून जाणारा पदार्थ मोकळा सोडलेला नसतो. खोलीतल्या नळ्यांत तो द्रवाचा वायू होतो, वायू होताना खोलीची उष्णता घेतो. मग बाहेरच्या पेटीतला कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तिथे तो उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होतो आणि आत येतो. आत, बाहेर, आत, बाहेर, असा तोच तो वायू वर्षानुवर्षे फिरत राहायचा. म्हणजे माठ रोज भरावा लागतो, पण एसी भरावा लागत नाही. लागला, तर त्याचा अर्थ कुठेतरी भोक आहे, आणि तुम्ही भरलेला वायू आकाशात गेला आहे.

जाईना का, आपले काय जाते? आपले बरेच जाते. या वायूंचा इतिहास थोडक्यात सांगतो. पहिल्यावहिल्या शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असले विषारी वायू असत. १९२८ साली अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरोफ्लुरोकार्बन जातीचा वायू तयार केला. तो जळत नाही, विषारी नाही, वास नाही. सगळ्यांना वाटले, देवच पावला. पण १९७४ साली मोलिना आणि रोलँड या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की हा वायू वर जाऊन ओझोनचा थर खातो. १९८५ साली अंटार्क्टिकावर त्या थराला पडलेले खिंडार ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जाहीर केले. दोनच वर्षांनी, १६ सप्टेंबर १९८७ रोजी, मॉंट्रियल शहरी करार झाला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला. ते जुने वायू हळूहळू गेले आणि ओझोनचा थर आता सावरतो आहे. माणसांनी मिळून केलेल्या कामांत हे काम मी फार वरचे मानतो.

पण त्या जुन्या वायूंच्या जागी जे आले, त्यांचे दुखणे वेगळे. ते ओझोनला धक्का लावत नाहीत, मात्र पृथ्वीभोवती गोधडीसारखे बसतात. आमच्या गावच्या जुन्या एसीत आर-२२ नावाचा वायू होता, नव्या यंत्रांत तो आता घालत नाहीत. हा तर दोन्हीकडून वाईट, ओझोनही खातो आणि उष्णताही धरतो. एक किलो आर-२२ हवेत सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो सुमारे अठराशे किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. एक लिटर पेट्रोल जाळले की सव्वादोन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. गुरुजन हो, हा भागाकार वर्गात पोरांना घालून पाहा. उत्तर आठशे लिटरच्या घरात येते. लिटरला पन्नास किलोमीटर चालणारी मोटारसायकल एवढ्या पेट्रोलवर पृथ्वीला जवळजवळ एक फेरी मारील. आणि हा सगळा कारभार, मेकॅनिकने एकदा गॅस भरला त्यात झाला. नळीतून फुस्स आवाजही आला नसेल.

आर-२२ नंतरचा आर-४१०-ए हा ओझोनला त्रास देत नाही, पण उष्णता धरण्यात त्याच्याही वरचढ, दोन हजारांच्या पुढे. आता पुष्कळ यंत्रांत आर-३२ असतो, तो पावणेसातशेच्या आसपास. आणि प्रोपेन, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरात जे दोन वायू असतात त्यांतला एक, तो अवघा तीनच्या आसपास. प्रोपेनवर चालणारे एसी आपल्या देशात २०१२ पासून मिळतात.

मग सगळीकडे प्रोपेनच का नको? कारण उघड आहे, तो पेटतो. म्हणून खोलीच्या मानाने किती प्रोपेन यंत्रात ठेवायचा याला मर्यादा आहे. आणि इथे माझ्या आजच्या विषयाची गाठ आहे. खोली जितकी तापते तितके यंत्र मोठे, यंत्र जितके मोठे तितका वायू जास्त, नळ्या जास्त, सांधे जास्त. खोली कमी तापली तर लहान यंत्र पुरते, थोडा वायू पुरतो, आणि त्या थोडक्यात प्रोपेनसारखा निरुपद्रवी वायूही बसतो. वायू कोणता भरायचा हे कारखाना ठरवतो. किती भरायचा, हे पुष्कळसे तुमचा गवंडी आधीच ठरवून मोकळा झालेला असतो.

मी गावी गेलो. आमचे गाव बार्शी तालुक्यात. २०१९ पर्यंत तिथे आमचे माळवदाचे घर होते. दीड हात जाड दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर किलचण आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. भर मे महिन्यात दुपारी आत गेले की अंगावरून कुणी ओले फडके फिरवल्यासारखे वाटे. पण मी त्या घराची आरती ओवाळणार नाही. ते गळायचे. तुळयांना वाळवी लागली होती. दर वर्षी पावसाळ्याआधी वर माती टाकायला गडी मिळेनासे झाले होते. आणि एक गोष्ट आमच्या भागात कुणी मोठ्याने बोलत नाही, पण विसरतही नाही. १९९३ सालच्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा हजारो माणसे गेली ती मुख्यतः दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचे ओझे अंगावर येऊन. आमच्या आईने त्यानंतर कित्येक वर्षे पावसाळ्यातसुद्धा घरात पाठ टेकली नाही, पडवीत निजायची. तेव्हा दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, ते घर उतरवून पक्के घर बांधले, यात त्याचे काही चुकले असे मी म्हणणार नाही.

चुकले ते पुढचे. माळवद जे काम फुकट करत होते, ते काम नव्या घरात कुणालाच नेमून दिले नाही.

नवे घर म्हणजे पाच इंची स्लॅब, वर काही नाही, करडे सिमेंट उघडे. रस्ता पश्चिमेला, म्हणून घराचे तोंड पश्चिमेला, आणि रस्त्यावरून घर दिसायला झोकदार हवे म्हणून पश्चिमेच्या भिंतीत सरकत्या काचांच्या दोन मोठ्या खिडक्या, चार फूट बाय पाच फुटी. ही खोली न्हाणीघराजवळ, म्हणून आबांना दिलेली. मी पुतण्याच्या शाळेतून दोन थर्मामीटर मागून आणले आणि एक दिवस त्या खोलीत बसून राहिलो. दुपारी चारला अडतीस अंश. हे समजण्यासारखे आहे. पण रात्री दहाला? अंगणात तीस आणि खोलीत छत्तीस. स्टुलावर उभे राहून मी छताला हात लावला, तर भाकरी उतरल्यावर तवा जसा लागतो तसे ऊन ऊन लागले. दिवसभर प्यालेली उष्णता स्लॅब रात्री खाली ओतत होता, आणि खाली आबा निजलेले.

आता दोन टनी की दीड टनी, हा हिशेब करू. हा 'टन' शब्द मोठा मौजेचा आहे. तो यंत्राच्या वजनाचा नव्हे. यंत्रे नव्हती तेव्हा बर्फ विकत असत. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे नऊशे किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता खाईल, तितकी उष्णता ओढणारे यंत्र ते एक टनी. आजच्या मापात साडेतीन किलोवॉट. आबांची खोली बारा बाय चौदा. स्वस्थ पडलेल्या माणसाच्या अंगातून निघणारी उष्णता शंभर वॉटच्या जुन्या दिव्याइतकी. म्हणजे ज्या माणसासाठी यंत्र आणायचे, त्याचा भार साडेतीन हजारांतला शंभर! बाकीचे कुठून येते? पश्चिमेच्या दोन्ही काचांतून दुपारी साडेचारच्या उन्हात माझ्या अदमासाने अठराशे वॉट. छतातून तेरा-चौदाशे. म्हणजे नुसत्या दोन खिडक्या आणि छप्पर मिळून जवळजवळ एक टन झाला. दुकानदार दोन टनी सांगत होता तो लबाडी करत नव्हता. त्याने खोली पाहिली होती.

मी दादाला म्हणालो, "तू दोन टनी यंत्र घेतोस ते आबांसाठी नाही, त्या खिडक्यांसाठी घेतोस."

दादा म्हणाला, "खिडक्यांना पडदे लावलेत की चांगले जाड!"

पुष्कळांची समजूत अशीच असते. पण पडदा आतून लावला, तर ऊन काचेतून आत येऊन पडद्यावर पडते, पडदा तापतो आणि ती ऊब खोलीतच राहते. चोराला घरात घेतल्यावर दार लावून काय उपयोग? ऊन काचेच्या बाहेर अडवले पाहिजे.

इथे सूर्याची चाल थोडी समजून घ्यायला हवी. शिक्षकमित्रांनी हा धडा वर्गाबाहेर, मैदानात घ्यावा. आपल्या महाराष्ट्रात उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. कोल्हापूरला मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्याला मेच्या मध्यावर आणि नागपूरला २६ मेच्या सुमारास तर उभ्या काठीची सावली दुपारी नाहीशीच होते. म्हणजे मुख्य मारा छपरावर. दक्षिणेच्या खिडकीला उन्हाळ्यात फारसा त्रास नाही, दोन फुटी छज्जा मार्चअखेरच्या दुपारी सहा फूट खालपर्यंत सावली देतो. पण सकाळी पूर्वेला आणि संध्याकाळी पश्चिमेला सूर्य खाली उतरून तिरका आत घुसतो, तिथे तोच दोन फुटी छज्जा जेमतेम फूटभर सावली देतो. पश्चिमेला छज्जा उपयोगाचा नाही, तिथे उभा आडोसा हवा. झाड, जाळी, ताटी, वेलाचा मांडव, काहीही. सगळ्यांत बरे म्हणजे पश्चिमेला खिडकी लहान ठेवावी, आणि जिना, न्हाणीघर, कोठीची खोली त्या अंगाला टाकावी. ज्यांची घरे अजून कागदावर आहेत त्यांनी एवढे जरी ऐकले, तरी माझ्या या बोलण्याचे चीज झाले.

आमचे घर कागदावर नव्हते. मग आम्ही काय केले? खिडक्यांच्या बाहेर हातभर अंतर सोडून लोखंडी नळ्यांची चौकट उभी केली, तिला बांबूची ताटी बांधली आणि खाली दोडक्याचे वेल लावले. हातभर अंतर यासाठी, की मधून वारा खेळावा आणि ताटी तापली तरी भिंत तापू नये. स्लॅब झाडून घेतला, चुन्यात डिंक कालवून दोन हात दिले. ताजा चुना पडलेल्या उन्हातला बराच मोठा वाटा परत फेकतो, करडे सिमेंट मात्र त्यातला बहुतेक भाग पिऊन टाकते. पावसात चुना धुपतो, म्हणून दर वर्षी शिमग्याच्या सुमारास पुन्हा द्यावा लागतो. त्याला खर्च किरकोळ येतो, पण कंबर मोडते, हे मी स्वतःच्या कंबरेवरून सांगतो. आणि त्यावर पुढल्या वर्षी तुराट्यांचा मांडव घातला. तेव्हा दादा भडकला. "पैसे ओतून माळवद पाडलं ते डोक्यावर पुन्हा तुराट्या आणायला का?" त्याचे बोलणे अगदीच गैर नव्हते. मांडवाला वावटळीची भीती असते आणि विस्तवाची तर फारच. चुलीचे धुराडे जवळ असेल तर तुराट्यांच्या नादी लागू नये. ज्यांना जमेल त्यांनी स्लॅबवर उपडी मडकी मांडून वर चुन्याचा कोबा करावा, मडक्यात कोंडलेली हवा उष्णता अडवते. गुजरात-तमिळनाडूकडे ही रीत आहे.

चुना दिल्यावर तिसऱ्या दिवशी मी पुन्हा रात्री दहाला थर्मामीटर पाहिला. तेहतीस. तीन अंश उतरले होते, आणि अजून एसी लावलेला नव्हता. शिवाय उत्तरेच्या भिंतीत, छताला लागून, एक झरोका पाडला. रात्री बाहेर गारवा आला की खालची खिडकी आणि तो झरोका उघडायचा, ऊन हवा वरून निघून जाते.

एवढे झाल्यावर मी पुतण्याला सांगितले, "आता घे एसी. एक टनी घे."

घेतला. आणि श्रोतेहो, खरी मजा इथे झाली. यंत्र बसवायला आलेला मेकॅनिक पंचविशीचा पोरगा होता, हाताला चटके बसलेल्याच्या खुणा. दुकानातून त्याला सांगितलेले, की बाहेरची पेटी गच्चीवर ठेव. गच्चीवर म्हणजे पश्चिमेच्या कठड्याशी, भर उन्हात, आणि तिथून खोलीपर्यंत तीस फूट तांब्याची नळी. मी म्हटले, "उत्तरेच्या भिंतीला, छज्जाखाली बसव. दहा फुटांत नळी संपेल, आणि तुला शिडीच्या चार पायऱ्यांवरून हात पोचेल."

तो एकदम खुलला. म्हणाला, "काका, असं सांगणारं गिऱ्हाईक भेटत नाही बघा. गॅस कुठून गळतो विचारा मला."

मी विचारले. तो जे बोलला ते कुठल्याही पुस्तकापेक्षा स्वच्छ होते. नळीची टोके पसरून नटांनी आवळतात, त्याला ते फ्लेअर म्हणतात. दोन नळ्यांची चार टोके, चार नट. गळती पुष्कळदा या नटांपाशी. शहरात तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर बाहेरची पेटी अशी टांगलेली असते, की दोरीला लटकून नट आवळावा लागतो. "जीव मुठीत धरून नट किती कसणार, सांगा? आणि मे महिन्यात दिवसाला आठ-आठ घरं. नळीतली हवा पंपानं ओढून काढायला वेळ लागतो, मग कुणी कुणी थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलतात. नंतर गळतंय का हे बघायला पुन्हा तिथं चढणार कोण? गिऱ्हाईकाला सांगतात, गॅस संपला, भरून घ्या." काही इमारतींत तर नळ्या भिंतीत गाडून वर गिलावा केलेला असतो. सांधा गळतो कुठे हे शोधायचे तर भिंत फोडा. भिंत कोण फोडणार? त्यापेक्षा दर वर्षी गॅस भरणे सोपे. काही ठिकाणी पेटी चिंचोळ्या बोळात कोंडलेली असते, तिने टाकलेली ऊन हवा तीच परत ओढते, आतला दाब वाढतो, आणि सांध्यांवर ताण येतो. कोकणच्या किनाऱ्याला खारा वारा नळ्या खातो तो वेगळाच.

मला हे ऐकून माझीच लाज वाटली. मी तीस वर्षे नकाशे काढायला शिकवले. दारे, खिडक्या, मोऱ्या, जिने, सगळे शिकवले. पण बाहेरच्या पेटीला जागा कुठे ठेवावी, मेकॅनिकला उभे राहायला दीड हात जागा कशी सोडावी, नळीला उघडी खोबण कशी ठेवावी, हे एकदाही शिकवले नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांनी बांधलेल्या किती भिंतींवर आज कुणी दोरीला लटकत असेल! तो पोरगा गॅस सोडत असेल तर त्याला बोल लावण्यापूर्वी मी माझ्या फळ्याकडे बघायला हवे.

या पोराने मात्र आमच्याकडे पंप लावून नळी स्वच्छ ओढून घेतली, अर्धा तास दाब तपासला, मगच झडप उघडली. त्याला चहा पाजून मी जुन्या एसीचे विचारले. तो भंगारवाल्याकडे जाणार होता. म्हटले, त्यात उरलेला गॅस? तो म्हणाला, भंगारवाले नळी कापतात, संपला विषय. खरे तर उरलेला वायू यंत्राने ओढून सिलिंडरात घेता येतो. ते यंत्र त्याच्याकडे नव्हते, तालुक्यात एकाकडे होते. दोन दिवस थांबलो, पण त्याला बोलावूनच ते काम करून घेतले.

सरकारी पातळीवर काही चालले आहे का, असे तुम्ही विचाराल. २०१६ साली किगाली येथे मॉंट्रियल करारात भर घालण्यात आली, ती भारताने २०२१ साली मान्य केली. तिच्याप्रमाणे आपल्याला या नव्या उष्णताधारी वायूंचा वापर २०३२ पासून पायरीपायरीने उतरवून २०४७ पर्यंत पंच्याऐंशी टक्के कमी करायचा आहे. २०१९ सालच्या मार्चमध्ये केंद्र सरकारने देशाचा थंडाव्याचा आराखडा जाहीर केला. त्यात २०३७-३८ पर्यंत शीतकरणाची गरजच वीस ते पंचवीस टक्क्यांनी आणि वायूंची मागणी पंचवीस ते तीस टक्क्यांनी खाली आणायचे म्हटले आहे. गरजच कमी करायची, म्हणजे पुन्हा भिंत, छप्पर आणि खिडकीशीच येऊन थांबलो. २०१८ साली राहत्या इमारतींसाठी भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत यावी याचे नियम निघाले, पण ते मोठ्या भूखंडावरच्या इमारतींना. बारा बाय चौदाच्या खोलीवर कुणी निरीक्षक येणार नाही.

शेतकरी बांधव म्हणतील, आमच्या मालाचे काय? तर इमारतीने यंत्राचे काम करावे याचा सुंदर नमुना त्यांच्याच दारात आहे. नाशिककडची कांदा चाळ पाहा. जमिनीपासून उचललेला तळ, तळाला आणि बाजूंना फटी, वर पाऊस-ऊन अडवणारे पुढे आलेले छप्पर. वारा खालून शिरतो आणि कांद्यातून निघून जातो. उन्हाळी कांदा काही महिने टिकतो आणि वायूचा एक थेंब लागत नाही. भाजीपाल्यासाठी दिल्लीच्या पुसा संस्थेत एक शीतकक्ष तयार झाला आहे. विटांची दुहेरी भिंत, मध्ये वाळू, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी, वर सावली. माठाचेच तत्त्व. कोरड्या उन्हाळ्यात आत दहा-पंधरा अंश गारवा मिळतो. दमट कोकणात तो तितका चालणार नाही, पाणी वाळलेच पाहिजे ना! द्राक्षाला किंवा दुधाला मात्र यंत्रच लागते. तिथे भिंतींचे अस्तर आणि दाराची रबरी पट्टी धड आहे का, एवढे पाहा. फटीतून शिरणारी उष्णता यंत्राला रात्रंदिवस राबवते.

आता गुरुजनांसाठी एक प्रयोग. दोन रिकामे पत्र्याचे डबे घ्या, बिस्किटांचे चालतील. एकाचे झाकण चुन्याने रंगवा, दुसऱ्याचे काजळीने काळे करा. दोन्हीच्या बाजूला भोक पाडून थर्मामीटर आत सरकवा आणि बारा ते दोन उन्हात ठेवा. दर पंधरा मिनिटांनी मुलांना वहीत आकडे लिहू द्या. मग काळ्या डब्याच्या वर वितभर अंतराने पुठ्ठ्याची सावली धरा आणि आकडे कसे उतरतात ते पाहा. आमच्या गावच्या शाळेत हा प्रयोग झाला, तेव्हा सहावीतल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, मग आपल्या वर्गाचा पत्रा काळपट का?" गुरुजींनी मला फोनवर हे सांगितले तेव्हा ते हसत नव्हते. त्या सुट्टीत गावातल्या पोरांनी शाळेचे पत्रे पांढरे केले.

आबा आता ब्याऐंशीच्या पुढे गेले आहेत. दुपारी दोन ते सात एसी चालतो, सव्वीस अंशांवर. रात्री दहाला ते स्वतःच सांगतात, "बंद करा ते, झरोका उघडा." दादाने तुराट्या काढून तिथे जाळी लावायचे ठरवले आहे, वेलासकट. गेल्या गुढीपाडव्याच्या आधी तो मेकॅनिक पोरगा धुण्या-पुसण्याला आला. पुतण्या त्याला म्हणाला, गॅस बघून घे. त्याने मापाचे घड्याळ लावलेच नाही. ते लावताना-काढतानाही थोडा गॅस जातो, म्हणाला. साबणाचा फेस चारही नटांवर फासला, बोटभर वेळ बुडबुडा येतो का पाहिले, आतल्या हवेला हात लावला, आणि नुसत्या धुण्याचे पैसे घेऊन गेला.